पुंगळी

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. इतका नेमका आकडा मागे उरतो तो वही ठेवणाऱ्या माणसाचाच. आज महाराष्ट्रात एक माळढोक दिसला तरी बातमी होते. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतलं ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र या पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, आणि पक्षी तर त्याहून वेगाने कमी झाला. पण हे प्रकरण माळढोकाचं नाही. मॅन्सफील्डच्या हातातल्या बंदुकीपासून ते सुरू होतं.

ती बंदूक ठासणीची होती. कोकणात शेतीच्या राखणीला अगदी अलीकडेपर्यंत जी चालत होती, त्याच जातीची. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर कापडाचा किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासून सगळं तळाशी बसवायचं. कानावरच्या पाळ्यात चिमूटभर दारू टाकायची. चाप ओढला की चकमक आपटे, ठिणगी पाळ्यात पडे, तिथून छिद्रातून आत जाई आणि बार उडे. हवा दमट असली की पाळ्यातली दारू नुसतीच फुसफुसे. प्रत्येक बाराला हा सगळा खटाटोप पहिल्यापासून. एक गोष्ट मात्र त्यात नव्हती. त्या ९६१ पक्ष्यांमागे माळावर एकही पुंगळी पडली नाही.

पुंगळी म्हणजे काडतूस उडाल्यावर मागे राहणारी पितळी नळी. ‘घटनास्थळी तीन पुंगळ्या सापडल्या’ या वर्तमानपत्री वाक्यापलीकडे आपली तिच्याशी ओळख नसते. शिकारकथा वाघाविषयी बोलतात, फार तर रायफलीविषयी. पुंगळी गवतात टाकून सगळे पुढे जातात. माझं म्हणणं असं आहे की गेल्या दीडशे वर्षांत बंदुकीत खरी सुधारणा झाली ती या नळीमुळे. शिकाऱ्यांचे नाद, सरकारांच्या बंद्या आणि पोलिसांचे पुरावे या तिन्हींच्या मुळाशी पितळेचा एकच गुण आहे: जोरात दाबलं की ते समोरच्या पोलादाचा आकार घेतं आणि बहुतांशी तसंच राहतं.

ठासणीच्या बंदुकीची खरी अडचण वायूची होती. दारू पेटली की वायू वाट मिळेल तिथून निसटू पाहतो. कानातल्या छिद्रातून थोडा निसटायचाच. ही अडचण तोफांनाही होती, आणि नगरकरांना इथे लांबचं उदाहरण शोधायला नको. विजापूरच्या शेरझा बुरुजावर ठेवलेली मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली नगरमध्ये, निजामशाहीच्या चाकरीतल्या रूमी नावाच्या तुर्की तोफकाराने ओतली. तांबं आणि कथिल यांची ही मिश्रधातू, वजन ५५ टनांच्या घरात, लांबी साडेचार मीटरच्या आत आणि तोंड इतकं रुंद की आत माणूस बसावा. एवढ्या राक्षसी तोफेलाही बत्ती द्यायला वर एक बारीक कान होताच, आणि प्रत्येक बाराला त्या कानातून आगीचा एक फवारा आभाळाकडे जाई. तोफेचं त्याने फारसं बिघडत नाही. ती कोणी गालाशी धरून उडवत नाही. पण रायफल गालाशी असते आणि डोळा तिच्या मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर. मागून दारू भरायची बंदूक हवी असेल, तर मागची फट पूर्ण बुजवणारं काहीतरी हवं होतं. ते काहीतरी पितळ निघालं.

चाप ओढल्यावर पिन पुंगळीच्या बुडातल्या टोपीवर आदळते. टोपीतली स्फोटक भुकटी पेटते, तिची ज्वाळा छिद्रातून आतल्या दारूत जाते, दारूचा वायू होतो. मोठ्या शिकारी रायफलीत हा दाब हवेच्या दाबाच्या चार हजार पटींच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरात भरलेल्या हवेच्या हिशेबात मांडायचं तर जवळपास अठराशे-एकोणीसशे पट. पुंगळीची भिंत तिच्या मानेजवळ, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाशी, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. एकटी असती तर चिंध्या झाल्या असत्या. पण ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला तिच्याच मापाने कोरलेल्या पोलादी घरात बसलेली असते. दाब वाढताच पितळ फुगतं, पोलादाला चिकटतं आणि सगळ्या फटी बंद होतात. वायूला गोळीच्या मागे धावण्याशिवाय वाट उरत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब ओसरतो आणि पितळ केसभर, अगदी केसभरच, मागे सरतं. तेवढ्यावरच ती पुंगळी बाहेर ओढता येते. पितळ फार मऊ असतं तर भिंतीला चिकटून बसलं असतं. फार कडक असतं तर चिरलं असतं.

म्हणून पुंगळी सगळीकडून सारखी कडक नसते. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त यांची गोल चकती आधी वाटीसारखी दाबतात, मग ती वाटी ठशांतून ओढून ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढीने धातू कडक होतो, म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून तो मऊ करावा लागतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हेच चालतं: ठोकलं की भांडं कडक होतं, तावलं की मऊ, घडणीच्या वेळी तावायचं आणि शेवटी मठारकाम करून कडकपणा राखायचा. काडतुसाच्या कारखान्यात बूड शेवटपर्यंत कडक ठेवतात, कारण तिथे टोपी बसते आणि तिथूनच पुंगळी ओढली जाते. मान मात्र शेवटी पुन्हा शेकतात. लष्करी काडतूस हातात आलं तर मानेकडे निरखून पाहा. मानेपासून खांद्याच्या (मान जिथे रुंदावत अंगाला मिळते त्या उताराच्या) खालपर्यंत निळसर-तपकिरी झाक दिसते, तिला धड कड नसते, ती खालच्या पिवळ्या रंगात विरत जाते. तो डाग नव्हे. शेकल्याची खूण आहे ती. बाजारू काडतुसांवरून ती पॉलिश करून काढतात, लष्करी मालावर तशीच ठेवतात. म्हणजे मान शेकली आहे हे तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं.

ही निळी झाक का लागते, याचं एक कारण हिंदुस्थानच्या पावसाळ्याने शिकवलं. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. त्या काळी बंदुकीची काडतुसं पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनत. कर्नल बॉक्सर यांची ही रचना. मार्टिनी-हेन्री रायफलीत अशी गुंडाळीची काडतुसं तापलेल्या चेंबरमध्ये फाटत आणि अडकत. १८८५ साली सुदानच्या लढाईत ही अडचण जिवावर बेतली, आणि अखंड ओढलेल्या पुंगळीकडे सगळे वळले. अखंड पुंगळीने अडकणं थांबवलं, पण तिच्याबरोबर एक नवं गूढ आलं. इथल्या छावण्यांत साठवलेल्या काडतुसांच्या माना पावसाळ्यात आपोआप तडकू लागल्या. कोणी ती उडवली नव्हती, कोणी पाडली नव्हती. पेटी उघडावी तर आतल्या पितळेला उभ्या चिरा. पावसाच्या ऋतूत होतं म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूचंच नाव देऊन टाकलं.

चोर तबेल्यात होता. घोडदळाच्या छावणीत कोरडी, छपराची जागा म्हणजे तबेला, म्हणून काडतुसांच्या पेट्याही तिथेच. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो, पावसाळ्याच्या दमट हवेत तो पितळेवर बसतो. साध्या पितळेचं त्याने फार काही बिघडत नाही, थोडं काळवंडतं इतकंच. पण पुंगळीची मान आवळून घडवलेली असते, त्यात गोळी घट्ट दाबून बसवलेली असते, म्हणजे धातू आतून सतत ताणाखाली. ताण आणि अमोनिया एकत्र आले की धातूच्या कणांच्या सांध्यांतून चीर आत शिरते. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली हे सगळं मांडून दाखवलं आणि उपायही सांगितला: धातू पूर्ण मऊ न होता आतला ताण निघून जाईल एवढंच शेकायचं. पुंगळ्या पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावणात बुडवून कोणती तडकते ते पाहण्याची परीक्षाही कारखान्यांत रूढ झाली. ताणाखाली आलेला धातू विशिष्ट हवेत का तडकतो, हा आज बॉयलर, विमानं आणि पूल यांच्या अभियंत्यांचा मोठा विषय आहे. त्याचा पहिला धडा तबेल्यात मिळाला.

पुंगळीची मान आवळता येते, हे कळल्यावर माणसांनी ती मनसोक्त आवळली. एक पुंगळी घ्या, तिची मान बारीक करा, तिच्यात लहान व्यासाची गोळी बसवा: दारू तेवढीच, गोळी हलकी, वेग जास्त. अमेरिकी सैन्याचं १९०६ सालचं .३०-०६ काडतूस असंच बारीक करून १९२५ साली विंचेस्टर कंपनीने .२७० काढलं, आणि ते जगभर हरणांच्या शिकारीचं आवडतं काडतूस झालं. पण या खेळातला सगळ्यात मजेशीर भाग वेगासाठी झालाच नाही. तो कायद्यासाठी झाला, आणि तोही हिंदुस्थानातल्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हत्ती-गव्यासाठी .४५० बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत) दुनळी रायफली चालत. सरकारला धास्ती अशी की बंडखोरांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री आहेत, त्यांचा बोअरही .४५०च, शिकाऱ्यांच्या नावाने आलेल्या गोळ्या त्यांच्या हाती पडल्या तर? म्हणून हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० वर बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक इथेच होतं. ते गप्प बसणार नव्हते. हॉलंड अँड हॉलंडने १९०७ साली .५०० ची पुंगळी घेऊन मान आवळली आणि .४६५ काडतूस बाजारात आणलं. .४७० हे दुसरं प्रसिद्ध काडतूसही .५०० ची मानच आवळून आलं. हत्तीला एक-दोन शतांश इंचांचा फरक कळत नाही, फायलीला कळतो. बंदी पुढे निरर्थक झाली, पण ती काडतुसं राहिली; .४७० आजही आफ्रिकेत चालतं.

बंदीचा दुसरा धागा थेट आजच्या परवानाधारक शेतकऱ्यापर्यंत येतो. .३०३ हे लष्कराचं काडतूस, म्हणून सामान्य माणसाला मनाई. मग इथल्या शौकिनांसाठी बर्मिंगहॅमच्या कारखान्याने रायफल .३०३ च्याच धाटणीची ठेवली आणि तिला काडतूस दिलं ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं, आठ मिलिमीटरचं, मॅनलिखेर रायफलीचं. हिंदुस्थानात त्याचं नाव .३१५ पडलं. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफल कारखान्याने .३१५ स्पोर्टिंग रायफल चालू ठेवली आणि काडतुसं खडकीहून येऊ लागली, बुडावर के. एफ. अशी अक्षरं घेऊन. त्यामुळे आज श्रीगोंद्याच्या किंवा पाथर्डीच्या एखाद्या वाड्यात परवान्याची .३१५ भिंतीला टांगलेली असेल, तर तिच्या पुंगळीचा आकार हॅप्सबर्ग बादशहाच्या सैन्यासाठी आखलेला आहे. ते साम्राज्य १९१८ साली गेलं. पुंगळी उरली.

‘सुधारित’ म्हणून ओळखली जाणारी काडतुसं मात्र कायद्यातून आली नाहीत. अमेरिकेत पुंगळ्या पुन्हा भरून वापरणं हा घरगुती छंद आहे. उडालेल्या पुंगळीतली जळकी टोपी काढायची, ठशात घालून माप पुन्हा आणायचं, नवी टोपी, मोजून दारू, नवी गोळी. पुंगळी हा काडतुसाचा सगळ्यात महाग भाग, आणि ती बरेच वेळा वापरता येते. हे करताकरता कोणाच्या तरी लक्षात आलं की पुंगळी चेंबरचा आकार घेतेच, तर चेंबरच थोडं मोठं कोरलं तर? लाईल किलबर्न याने १९४० साली .२२ हॉर्नेट या छोट्या काडतुसाचं असं केलं. मूळ पुंगळीचा खांदा उतरता, अंग निमुळतं. किलबर्नच्या चेंबरमध्ये साधं हॉर्नेट काडतूस उडवलं की बाहेर येणारी पुंगळी अंगाने सरळ आणि खांद्याने ताठ निघे. आत दारूला जागा वाढली, आणि त्यासाठी कारखान्याची गरज पडली नाही. आगीनेच घडवलं.

या पद्धतीला नाव मिळवून दिलं पार्कर ओटो अ‍ॅकली या बंदूककाराने (१९०३–१९८९). कोलोरॅडोत तो बंदूककाम शिकवायचा. त्याच्या सुधारित काडतुसांचा खांदा चाळीस अंशांचा, मूळ .३०-०६ चा साडेसतरा. ताठ खांद्यामुळे जागा वाढते. अ‍ॅकलीचे चाहते आणखी एक फायदा सांगतात, आणि माझ्या मते तो जागेपेक्षा मोलाचा आहे: निमुळत्या पुंगळीतलं पितळ दर बाराला मानेकडे सरकतं, ताठ खांद्याच्या पुंगळीत कमी. त्यामुळे मान वारंवार छाटावी लागत नाही आणि पुंगळी जास्त टिकते. त्याची चलाखी अशी की सुधारित चेंबरमध्ये कारखान्याचं साधं काडतूसही चालावं. त्यासाठी मान आणि खांदा जिथे मिळतात तेवढी एकच जागा चेंबरला हलकेच घट्ट टेकली पाहिजे. पुंगळी तिथे पकडली गेली की पुढे सरकत नाही, फुगायचं ते अंग आणि खांदाच फुगतात. ही पकड सैल राहिली तर पिनेच्या धक्क्याने पुंगळी पुढे सरते, वर दाब येतो, आणि ताण पडतो तो बुडाच्या जरा वर. तिथे आतून एक बारीक खाच पडते, बाहेरून फिकट रेघ दिसते, आणि पुढच्या एखाद्या बाराला पुंगळीचे तिथेच दोन तुकडे होतात. जाणकार लोक टोक वाकवलेली तार आत घालून ती खाच चाचपतात. तार अडली की पुंगळी बाद.

गोळी वाया न घालवता पुंगळी फुगवण्याची एक जुनी युक्तीही तिकडे आहे: थोडी जलद दारू आणि वर चक्क रवा. अमेरिकेत न्याहारीला शिजवतात तो. आपल्याकडे त्याचा शिरा होतो. रव्याचा दट्टा वायूला क्षणभर अडवतो आणि तेवढ्यात खांदा उभा राहतो. ऐकायला गंमत वाटते, पण दाब तोच असतो आणि चुकीला क्षमा नसते.

एवढं करून मिळतं काय? पुंगळीत जागा जेवढ्या टक्क्यांनी वाढते, त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याने वेग वाढतो, असा त्या क्षेत्रातला ठोकताळा आहे. जागा आठ टक्के वाढली तर वेग दोन टक्के. दोनशे मीटरवरच्या हरणाला हा फरक कळण्याचं कारण नाही. काही जुनी, फार निमुळती काडतुसं सुधारून खरोखर फायदा होतो; आधीच ताठ असलेल्यांना जेमतेम. स्वतः अ‍ॅकलीनेही आपल्या सगळ्याच सुधारणांची भलामण केली नाही, आणि ही त्याची प्रामाणिकता त्याच्या चाहत्यांमध्ये क्वचितच दिसते. तरीही त्याचं .२८० बोअरचं सुधारित काडतूस २००७ साली अमेरिकी उद्योगाच्या अधिकृत यादीत गेलं आणि कारखान्यातून तयार मिळू लागलं. छंदिष्टांचं काडतूस सरळ दुकानात आलं, आगीने घडवण्याचा खटाटोप संपला, आणि त्याबरोबर अर्धी मजाही.

नगर जिल्ह्यात यातलं काहीही करायला गेलात तर तुरुंगाची वाट धराल. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि शस्त्रात फेरफारही करता येत नाही. त्या कायद्यातली ‘दारूगोळ्या’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तिच्यात काडतुसाचे सुटे भाग येतात, आणि काडतुसं बनवण्याची यंत्रंही येतात. अमेरिकेत माणूस गॅरेजमध्ये टेबलाला जो दट्ट्याचा प्रेस ठोकतो, तो आपल्याकडे कायद्याच्या लेखी स्वतःच दारूगोळा. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने थांबली. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० सालचं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. तिथला काळवीट कुंपणाबाहेर शेतात आला तरी पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण त्याच्यासोबत येतं. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्यासाठी वनखात्याची परवानगी काढण्याची सोय कायद्यात आहे, पण ती नासधूस आवरण्यासाठी; वेग दोन टक्के वाढवून पाहणाऱ्या हौशीसाठी नव्हे. हे असंच असावं असं माझं मत आहे. ज्या जिल्ह्यातून एका माणसाने ९६१ माळढोक नेले, तिथे शिकारीच्या हौसेचा कोटा कधीच भरला.

नेमबाजांनाही हा छंद फारसा उपयोगी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं ते .२२ रायफलीने. त्या काडतुसाला वेगळी टोपी नसते. स्फोटक भुकटी बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेली असते आणि पिन ती कड चेपते. एकदा चेपली की संपलं. मोठे नेमबाज मग काडतुसं भरण्याऐवजी निवडतात: एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या नळीतून उडवून पाहतात, आणि जिचे नेम सगळ्यात जवळ पडतात ती खेप घेऊन ठेवतात.

नगरजवळच्या खारे कर्जुने इथल्या केके रेंजवर तर पुंगळी हळूहळू गायबच होत चालली आहे. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांत पसरलेलं हे रणगाड्यांच्या सरावाचं मैदान. नगरमध्येच चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पूर्वीच्या तोफांची पितळी पुंगळी हातभर लांब असे आणि रणगाड्याच्या आत गरम गरम लोळत पडे. अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेची पुंगळी दारूबरोबर जळून जाते. ती नायट्रोसेल्युलोज मिसळलेल्या लगद्याची असते. पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने यावर काम केलं आहे. मागे उरते फक्त बुडाची धातूची वाटी, कारण फट बुजवायला धातूच लागतो. टी-७२ मध्ये तीच वाटी यंत्र आपोआप बाहेर फेकतं. रेंजच्या आसपास धातूचं भंगार वेचणाऱ्यांच्या हाताखाली न फुटलेला गोळा येऊन माणसं दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पितळेचा भाव तिथे फार महाग पडतो.

पोलादाचा आकार घेण्याचा पितळेचा गुण भारतात सगळ्यात जास्त कामाला येतो तो प्रयोगशाळेत. मुंबईच्या कलिना इथली राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा १९५८ पासून आहे. तिथे घटनास्थळी सापडलेली पुंगळी आणि जप्त शस्त्रातून चाचणीसाठी उडवलेली पुंगळी एकाच सूक्ष्मदर्शकाखाली शेजारीशेजारी ठेवतात. हा दुहेरी सूक्ष्मदर्शक अमेरिकेत १९२५ च्या सुमारास रूढ झाला. बार उडतो तेव्हा पुंगळी मागेही तेवढ्याच जोराने रेटली जाते आणि मागच्या पोलादी भिंतीवरचे कानसाचे ओरखडे टोपीच्या मऊ धातूत उमटतात. पिनेचा खड्डा, ओढणाऱ्या आकड्याचा ओरखडा, बाहेर फेकणाऱ्या खुंटीचा ठसा, सगळं पुंगळीवरच. दोन पिस्तुलं एका कारखान्यातून एका दिवशी निघाली तरी हे ओरखडे सारखे नसतात, आणि गावठी कट्टा तर कानसाने घासूनच बनलेला, त्याची खूण आणखी ठसठशीत. धारवाडला २०१५ मध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि बंगळुरूत २०१७ मध्ये गौरी लंकेश यांचे खून ७.६५ मिलिमीटरच्या एकाच पिस्तुलाने झाल्याचं कर्नाटकच्या तपास यंत्रणेने मांडलं, ते अशाच तुलनेवर. गुन्हेगार गोळी बरोबर नेऊ शकत नाही, पण पुंगळी तो उचलू शकतो. स्वयंचलित पिस्तूल ती लांब फेकतं आणि घाईत ती सापडत नाही. रिव्हॉल्व्हर वापरणारा निवांत असतो. त्याच्या पुंगळ्या चक्रातच राहतात.

पुन्हा भरलेलं काडतूस मात्र तज्ज्ञाला घोळात टाकतं. त्या पितळेवर आधीच्या एखाद्या बंदुकीचा आकडा ओढला गेलेला असतो, तिच्या चेंबरमधला एखादा खवला अंगावर उमटलेला असतो, आणि त्यावर नव्या बंदुकीच्या खुणा चढतात. कोणता ओरखडा कोणाचा? इथे टोपी मदतीला येते. पुंगळी भरताना टोपी नवीच बसवावी लागते, म्हणून टोपीवरचा ठसा नेहमी शेवटच्या बाराचा असतो. तज्ज्ञ आधी टोपी वाचतो, मग पितळेकडे वळतो. टोपीशी जुळणारे ओरखडे तो त्या बंदुकीच्या नावे टाकतो, आणि न जुळणारे असतील तर पोलिसांना विचारतो की आणखी एखादं शस्त्र मिळालं आहे का.